नाव सुचत नाही, माणूस मात्र आठवतो

(नाशिकमध्ये गंगापूर रोड परिसरातील ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय ‘निरोगी वार्धक्यातील मेंदूची जाळी आणि स्मृती’ असा छापला आहे. तो वाचून काहींना वाटले असेल की आज तासभर आजारांचीच माहिती ऐकावी लागणार. स्मृतिभ्रंश, अल्झायमर, पक्षाघात यांवर बोलणारे जाणकार पुष्कळ आहेत आणि त्यांनी बोललेच पाहिजे. मला मात्र अशा लोकांबद्दल बोलायचे आहे, ज्यांना यांतले काहीही झालेले नाही, जे सकाळी फिरून येतात, बँकेचे व्यवहार स्वतः पाहतात, नातवंडांचा अभ्यास घेतात, आणि तरीही ज्यांना समोर उभ्या असलेल्या ओळखीच्या माणसाचे नाव ऐन वेळी सुचत नाही. म्हणजे या सभागृहातल्या बहुतेक सर्वांबद्दल, माझ्यासह.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे वेळ कसा जाईल ते सांगता येत नाही. निरोगी म्हातारपणात आपण जे विसरतो, त्यातले बरेचसे मेंदूतून पुसले गेलेले नसते. ते हवे तेव्हा हाती लागत नाही, इतकेच. आणि ते का लागत नाही, याचा शोध मेंदूच्या एखाद्या खराब झालेल्या कोपऱ्यात घेण्याऐवजी मेंदूच्या निरनिराळ्या भागांचे आपसांतले संबंध वयानुसार कसे बदलतात, तिथे घ्यावा लागतो. गेल्या तीस वर्षांतल्या संशोधनाने हे दाखवून दिले आहे, पण आपल्या दवाखान्यांत आणि घरांत ते अजून पोहोचलेले नाही.

एक प्रश्न विचारतो. १९६९ साली गोदावरीला महापूर आला तेव्हा जे नाशकात होते, त्यांनी हात वर करावेत. बरेच हात दिसत आहेत. तेव्हा दुतोंड्या मारुतीपाशी पाणी कुठवर आले होते, ते पाहायला आपण कोणाबरोबर गेला होता, घरी परतल्यावर कोण काय बोलले, हे आपण आत्ता सविस्तर सांगू शकाल. आता गेल्या मंगळवारी दुपारच्या जेवणात कोणती भाजी होती, ते सांगा. आपण सगळे हसलात, म्हणजे मला उत्तर मिळाले. साधारण दहा ते तीस या वयातल्या आठवणी माणसाच्या मनात अधिक दाट असतात, हे मानसशास्त्राने वारंवार पाहिलेले आहे, त्यामुळे पुराबद्दल नवल वाटायला नको. मंगळवारची भाजी पंचविशीतल्या मुलालाही आठवणार नाही. त्याला त्याची भीती वाटत नाही, आपल्याला वाटते, एवढाच फरक आहे.

स्मृती ही एकसंध गोष्ट नाही. शब्दांचा आणि सामान्य ज्ञानाचा साठा साठी-सत्तरीपर्यंत उत्तम टिकतो. वॉर्नर शाय यांनी १९५६ मध्ये अमेरिकेतील सिॲटल येथे सुरू केलेल्या आणि अनेक दशके चाललेल्या अभ्यासात माणसांची कामाचा वेग लागणारी कौशल्ये लवकर मंदावली, पण भाषेवरची पकड उतारवयातही दीर्घकाळ शाबूत राहिली. सायकल चालवणे, पोहणे, पोळी लाटणे, हार्मोनियम वाजवणे अशी हातात मुरलेली कौशल्येही टिकतात. जे कमी होते ते प्रामुख्याने अलीकडच्या प्रसंगांचे स्मरण, आणि त्यातही एका गोष्टीची दुसरीशी सांगड. चेहरा आठवतो, नावही कुठेतरी असते, पण हे नाव त्या चेहऱ्याचे, ही जोडणी सुटते. मोशे नावे-बेंजामिन या संशोधकांनी २००० साली हे नेमकेपणाने मांडले: ज्येष्ठांना सुट्या गोष्टी आठवण्यात येणाऱ्या अडचणीपेक्षा त्या गोष्टींमधला संबंध आठवण्यात येणारी अडचण बरीच मोठी असते. विशेषनाम तर सर्वांत अवघड, कारण समोरचा माणूस शिंपी आहे हे कळले की त्याभोवती कात्री, कापड, दुकान असे शंभर धागे असतात, आणि त्याचे नाव मात्र एका धाग्यावर लटकलेले असते.

हे आपल्याला पटत असेल, तर आता जी हकिकत सांगतो ती जरा लांबली तरी ऐकून घ्यावी. मी आयुष्यभर वैद्यकीय विद्यार्थ्यांना शरीरक्रियाशास्त्र शिकवले, परंतु या विषयाची तळमळ मला पुस्तकांमुळे लागली नाही. ती माझ्या मावशीमुळे लागली.

मावशी मूळची सटाण्याची. माहेरी अहिराणी, सासर पंचवटीत, आणि नोकरी प्राथमिक शाळेतली. निवृत्तीनंतरही घरचा सगळा हिशेब तिच्याच वहीत असे. अठ्ठ्याहत्तरीच्या सुमारास तिच्या हातून दूध उतू जाऊ लागले, एकदा गॅस तसाच राहिला, आणि सून बोलत असताना ती मध्येच भलतेच उत्तर देऊ लागली. सुनेने काळजीपोटी तिला शहरातल्या एका रुग्णालयात नेले. बाह्यरुग्ण विभागात गर्दी होती, दाराशी नंबर पुकारले जात होते, फोन वाजत होता, आणि टेबलापलीकडच्या तरुण डॉक्टरांसमोर अजून मोठी रांग होती. त्यांच्या हेतूबद्दल मला शंका नाही. त्यांनी हिंदीत आणि इंग्रजीत मिळून मावशीला भराभर प्रश्न विचारले. आज तारीख कोणती, या प्रश्नावर तिने कार्तिकातली तिथी सांगितली. ती तिथी बरोबर होती, परंतु कागदावर तारखेची जागा होती आणि तिथे शून्य पडले. मग तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले: सफरचंद, टेबल, पेनी. थोड्या वेळाने ते विचारले तेव्हा मावशी म्हणाली, “टेबल, फणी… आणि अजून एक होतं.” तिच्या कानांनी ‘फणी’ हाच शब्द ऐकला होता. आपल्या बाईने जन्मात कधी न पाहिलेल्या इंग्रजी नाण्यापेक्षा तो किती तरी समंजस शब्द आहे. पुन्हा शून्य. केसपेपरवर ‘स्मृतिभ्रंशाची सुरुवात’ असे लिहून पुढे प्रश्नचिन्ह टाकले होते. ते प्रश्नचिन्ह घरी पोहोचेपर्यंत गळून पडले.

त्यानंतर घरात जे घडले ते कोणी दुष्टपणाने केले नाही. मुलाने पासबुक स्वतःकडे घेतले. सुनेने गॅसपाशी जायला मनाई केली. भजनी मंडळात कोणी काही बोलू नये म्हणून तिकडे जाणेही थांबवले. वही कपाटात गेली. मावशीला काही विचारले की ती उत्तर द्यायच्या आतच दुसरे कोणीतरी उत्तर देऊ लागले, आणि हळूहळू तिने बोलणेच कमी केले. तिचे गप्प होणे हे आजार वाढल्याचे लक्षण समजले गेले. असे बरेच महिने गेले.

पुढे एका दुसऱ्या, वयस्क मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाणे झाले. त्यांनी सर्वांत आधी कानांची तपासणी करून घेतली. दोन्ही कानांना उंच पट्टीचे आवाज नीट ऐकू येत नव्हते, म्हणजे नेमके ‘प’ आणि ‘फ’, ‘त’ आणि ‘थ’ यांतला फरक कळायला जे लागते तेच. मग श्रवणयंत्र लावून, शांत खोलीत, मराठीतून, दोन बैठकांमध्ये त्यांनी सविस्तर चाचणी घेतली. एखादा शब्द आठवला नाही तर ते थांबत, आणि मग फक्त एवढेच सांगत: “ते एक फळ होतं.” लगेच शब्द येई. खूणगाठ दिली की जी आठवण येते, ती हरवलेली नसते. अल्झायमरमध्ये सहसा खूण देऊनही फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे नोंदच नीट झालेली नसते. हर्मन बुशके या अमेरिकी मेंदूविकारतज्ज्ञांनी १९८० च्या दशकात खुणेच्या आधारे स्मृती तपासण्याची पद्धत प्रस्थापित केली, आणि आज जगभर ती वापरली जाते. मावशीची स्मृती तिच्या वयाला साजेशी निघाली. ती आता पुन्हा हिशेब लिहिते. पूर्वीइतक्या झटपट नाही, पण बिनचूक. मधले ते गप्प महिने मात्र तिला कोणी परत देऊ शकले नाही, आणि म्हणून मी जिथे बोलावतील तिथे हे सांगत फिरतो.

मावशीची रुग्णालयात पहिल्यांदा घेतली गेली, त्या तीस गुणांच्या चाचणीची निंदा करण्याचा माझा हेतू नाही. मार्शल फोल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये ती रुग्णालयातील रुग्णांसाठी, खाटेपाशी बसून चटकन घेता यावी म्हणून तयार केली. प्राथमिक चाळणी म्हणून ती उपयोगी आहे. निदान म्हणून ती वापरणे चूक आहे. आपल्या देशात ही अडचण फार पूर्वी ओळखली गेली होती. हरियाणातील बल्लभगढच्या परिसरातील, बहुतांशी शाळेत न गेलेल्या ज्येष्ठांसाठी मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये या चाचणीचे हिंदी रूप प्रसिद्ध केले, आणि त्यात नुसते भाषांतर न करता प्रश्नच त्या माणसांच्या जगण्यातले घेतले. अलीकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने अधिक सविस्तर चाचण्यांचा एक संच पाच भाषांसाठी सिद्ध केला: हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. त्या पाचांत मराठी नव्हती. ही खंत मी आजच्या भाषणात नोंदवून ठेवतो, कारण शेवटी मला तिच्याकडेच यायचे आहे.

आता जाळ्यांकडे, म्हणजे एकमेकांशी जुळवून घेऊन काम करणाऱ्या मेंदूच्या भागांच्या गटांकडे, वळतो. खूण दिल्यावर आठवण येते, तेव्हा मेंदूत काय घडत असेल? कानशिलाच्या आतल्या बाजूला हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग आहे, डाव्या आणि उजव्या बाजूला एकेक. १९५३ मध्ये हेन्री मोलेसन या तरुणाचे अपस्माराचे झटके थांबावेत म्हणून दोन्ही बाजूंचा हा भाग शस्त्रक्रियेने काढला गेला, आणि त्यानंतर २००८ मध्ये मृत्यू येईपर्यंत नव्या प्रसंगांची आठवण त्याला जवळजवळ ठेवताच आली नाही. लहानपणीच्या गोष्टी मात्र तो सांगत असे. यावरून हिप्पोकॅम्पसचे महत्त्व कळले, आणि हेही कळले की जुनी आठवण केवळ तिथेच ठेवलेली नसते. एखाद्या प्रसंगाचे दृश्य, आवाज, वास, भावना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांत नोंदल्या जातात, हिप्पोकॅम्पस त्यांची मोट बांधतो, आणि आठवताना कपाळामागचा भाग योग्य ती मोट शोधून आणतो. म्हणजे आठवणे हे एकट्या भागाचे काम नाही. दूरदूरच्या भागांनी एकाच वेळी जुळवून घेतले तरच ते साधते.

हे जुळवून घेणे मोजता येते, याचा शोध ज्या पद्धतीने लागला ती कथा मला फार प्रिय आहे. मेंदूचा एखादा भाग काम करू लागला की तिथे प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो, आणि त्यामुळे होणारा चुंबकीय फरक एमआरआय यंत्राला टिपता येतो, हे जपानी शास्त्रज्ञ सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले. त्यानंतर जगभरच्या प्रयोगशाळांत लोकांना यंत्रात निजवून बोटे हलवायला, चित्रे पाहायला, शब्द आठवायला सांगण्याची लाट आली. काम करताना मेंदूत काय पेटते, हेच सगळे पाहत होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या वैद्यकीय महाविद्यालयात तेव्हा भरत बिस्वाल हे भारतीय वंशाचे तरुण संशोधक विद्यार्थी होते. त्यांनी, माणूस काहीही न करता स्वस्थ पडलेला असताना येणारा संदेश पाहिला. हा संदेश म्हणजे श्वासाचा, नाडीचा, यंत्राचा गोंधळ असे समजून तो बाजूला काढण्याची पद्धत होती. बिस्वाल यांना त्या गोंधळात शिस्त दिसली. डाव्या हाताची हालचाल करवणारा मेंदूचा भाग आणि उजव्या हाताची करवणारा भाग, हात पूर्ण स्थिर असतानाही, अतिशय संथ लयीत बरोबरच वर जात होते आणि बरोबरच खाली येत होते. ही लय दहा सेकंदांत एका चढउताराहूनही संथ होती. १९९५ मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला. पुष्कळांनी बराच काळ त्यावर विश्वास ठेवला नाही.

२००१ मध्ये सेंट लुईस येथील वॉशिंग्टन विद्यापीठाचे मार्कस रेकल यांनी दुसरी बाजू मांडली. आपण बाहेरचे काम करू लागलो की मेंदूचे काही भाग उलट शांत होतात, आणि आपण स्वस्थ बसलो की तेच जागे होतात. या जाळ्याला डिफॉल्ट मोड नेटवर्क हे नाव पडले. कपाळामागचा मध्यभाग, डोक्याच्या मागच्या बाजूचा मध्यभाग आणि कानामागच्या वरच्या अंगाला असलेले काही भाग त्यात येतात, आणि हिप्पोकॅम्पसशी त्याचे जवळचे नाते आहे. आपण जुना प्रसंग आठवतो, उद्याचा बेत आखतो, दुसऱ्याच्या मनात काय चालले असेल याचा विचार करतो, तेव्हा हे जाळे कामात असते. शरीराच्या वजनाच्या साधारण २ टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि एखादे अवघड काम हाती घेतल्यावर त्या खर्चात सहसा पाच टक्क्यांचीही भर पडत नाही. खर्चाचा मोठा वाटा या आतल्या, अखंड चालू असलेल्या देवाणघेवाणीचा आहे. म्हणून दुपारी आरामखुर्चीत डोळे मिटून बसलेल्या आजोबांना ‘रिकामे बसलात’ असे कोणी म्हणू नये.

इथे नाशिककरांच्या जिव्हाळ्याची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पंचवटीत आणि त्र्यंबकेश्वरात वेदपाठशाळांमधून मुले वर्षानुवर्षे संहिता, पद, क्रम, जटा, घन असे पाठ मुखोद्गत करतात. मानेसर येथील राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रात जेम्स हार्टझेल आणि सहकाऱ्यांनी यजुर्वेद पाठ केलेल्या २१ पंडितांच्या मेंदूंची प्रतिमा घेऊन तितक्याच इतर व्यक्तींशी तुलना केली. भाषा आणि स्मृतीशी निगडित अनेक भागांत, उजव्या हिप्पोकॅम्पसमध्येही, पंडितांचा करडा भाग, म्हणजे चेतापेशींनी भरलेला भाग, अधिक आढळला. २०१६ च्या या निबंधाचा हवाला देऊन पाठांतराने म्हातारपणी विसर पडत नाही, असे सांगितले जाते. तसे त्या निबंधात नाही. ते सर्व पंडित तरुण होते, आणि एकदाच घेतलेल्या प्रतिमेवरून पाठांतरामुळे मेंदू तसा झाला की तसा मेंदू असलेलेच टिकून राहिले, हे ठरवता येत नाही. परंपरेचा अभिमान मला आहे, आणि म्हणूनच तिच्या नावावर न सिद्ध झालेले काही खपू नये असे वाटते.

अध्यक्षांनी घड्याळ दाखवले आहे. मूळ मुद्दा आता थोडक्यात, पण नीट सांगतो.

जेसिका अँड्र्यूज-हॅना आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १८ ते ९३ वर्षे वयाच्या ९३ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. तरुणांमध्ये डिफॉल्ट मोड नेटवर्कचे पुढचे आणि मागचे टोक एका लयीत होते. ज्येष्ठांमध्ये ही लय विस्कळीत झाली होती, आणि ज्यांच्यात ती अधिक विस्कळीत, त्यांना स्मृतीच्या आणि इतर बौद्धिक चाचण्यांत कमी गुण मिळाले. महत्त्वाचे म्हणजे अल्झायमरशी निगडित अमिलॉइड हे प्रथिन मेंदूत साठलेले नाही याची खात्री केलेल्या ज्येष्ठांमध्येही हा बदल होता. मग २०१४ मध्ये मिकेला चॅन, गगन विग आणि सहकाऱ्यांनी २० ते ८९ वर्षांच्या २१० निरोगी व्यक्तींमध्ये सगळ्याच जाळ्यांची पाहणी केली. जुन्या नाशकातल्या एखाद्या वाड्यात चार बिऱ्हाडे राहतात असे समजा. प्रत्येक खोलीत आपसांतले बोलणे स्पष्ट ऐकू येते, आणि कारण पडले तर दारातून शेजारी निरोप जातो. भिंती झिजल्या की शेजारचे बोलणे आपल्या खोलीत येते आणि आपल्याच खोलीतले नीट ऐकू येईनासे होते. वयानुसार मेंदूत तसे घडते. प्रत्येक जाळ्याच्या आतले संबंध सैल होतात आणि जाळ्याजाळ्यांमधले संबंध वाढतात. ज्यांच्या जाळ्यांचे वेगळेपण अधिक टिकून होते, त्यांची प्रसंगांची स्मृती अधिक चांगली होती, मग वय काहीही असो.

म्हणून, मेंदूत जितक्या जास्त जोडण्या तितके चांगले, ही जाहिरातींनी पसरवलेली समजूत आपण सोडून द्यावी. स्वीडनमधील उमेओ येथे १९८० च्या दशकापासून चालू असलेल्या बेट्युला अभ्यासातून २०१४ मध्ये असे दिसले की वयानुसार डाव्या आणि उजव्या हिप्पोकॅम्पसचा आपसांतला संबंध वाढतो, त्यांचा मेंदूच्या बाकीच्या भागांशी असलेला संबंध घटतो, आणि ज्यांचे हे दोन भाग आपसांत अधिक जखडलेले, त्यांची स्मृती कमी भरते.

याचा रोजच्या जगण्यात अनुभव कसा येतो? बाहेर लक्ष देण्याची वेळ आली की डिफॉल्ट मोड नेटवर्क शांत व्हायला हवे. सिंडी लस्टिग आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवल्याप्रमाणे ज्येष्ठांमध्ये ते पुरेसे शांत होत नाही. २००५ मध्ये अॅडम गझाली यांनी तरुणांना आणि ज्येष्ठांना चेहरे आणि निसर्गदृश्ये दाखवून त्यांतले एकच लक्षात ठेवायला सांगितले. जे लक्षात ठेवायचे त्यावर ज्येष्ठांचे लक्ष तरुणांइतकेच होते. नको असलेले बाजूला सारणे त्यांना जमत नव्हते. दूध उतू जाते ते यामुळे. स्वयंपाकघरात दूरचित्रवाणी चालू असते, मनात मुलीचा फोन घोळत असतो, आणि गॅसवर दूध असते. तिथे स्मृती कमी पडलेली नसते. नको ते आवाज आत आलेले असतात.

तरीही मेंदू हातपाय गाळून बसत नाही. रोबेर्तो काबेझा यांनी २००२ मध्ये पाहिले की स्मृतीच्या कामात उत्तम गुण मिळवणारे ज्येष्ठ कपाळामागच्या दोन्ही बाजू वापरतात, तर कमी गुण मिळवणारे तरुणांसारखी प्रामुख्याने एकच बाजू वापरत राहतात. इथे एक सावधगिरीही सांगायला हवी. यंत्रात डोके किंचित हलले तरी जाळ्यांचे आकडे फसवे येतात, हे २०१२ मध्ये स्पष्ट झाले, आणि ज्येष्ठ मंडळी यंत्रात तरुणांपेक्षा जास्त हलतात. शिवाय वयानुसार रक्तवाहिन्याच बदलतात. त्यामुळे हे निष्कर्ष समूहांबद्दलचे आहेत. एखाद्या व्यक्तीचा असा एमआरआय काढून ‘तुमची जाळी बिघडली’ असे सांगणारा कोणी भेटला, तर पैसे न देता घरी यावे.

उपाय विचारणार हे ठाऊक आहे. इलिनॉय येथे झालेल्या एका प्रयोगात १२० ज्येष्ठांपैकी निम्म्यांनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस ४० मिनिटे भरभर चालण्याचा व्यायाम केला आणि निम्म्यांनी अंग ताणण्याचे हलके व्यायाम केले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्के वाढला, दुसऱ्या गटाचा सुमारे १.४ टक्के आक्रसला. स्मृतीच्या चाचणीत मात्र दोन्ही गट सुधारले, म्हणून चालण्याने स्मृती वाढलीच, असे मी म्हणणार नाही. चालण्याने मेंदूच्या जाळ्यांत तरुणांच्या दिशेने बदल होतो, हे त्याच संशोधकांच्या २०१० च्या निबंधात आहे, आणि तो बदल दिसायला सहा महिने पुरले नाहीत, वर्ष लागले. रक्तदाब काबूत ठेवावा. अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीत वरचा दाब १२० च्या खाली आणल्याने सौम्य बौद्धिक ऱ्हासाचे प्रमाण कमी झाले, हे २०१९ मध्ये जाहीर झाले आहे, पण तो किती खाली आणायचा हे आपल्या डॉक्टरांनी ठरवायचे. ऐकू कमी येणाऱ्या ज्येष्ठांवर तीन वर्षे चाललेल्या २०२३ च्या चाचणीत श्रवणयंत्राचा सर्वांना सरसकट फायदा दिसला नाही. ज्यांच्यात ऱ्हासाचा धोका आधीच जास्त होता, त्यांचा ऱ्हास मात्र सुमारे निम्म्याने मंदावला.

घरच्यांसाठी एवढेच सांगतो. ज्येष्ठ माणूस शब्द शोधत असेल तर थांबा. शब्द पुरवू नका, खूण पुरवा. एका वेळी एकच विषय बोला आणि तेव्हा दूरचित्रवाणी बंद ठेवा. आणि डॉक्टरांकडे कधी जायचे, हेही ऐका: ओळखीच्या रस्त्यावर माणूस चुकू लागला, तोच प्रश्न थोड्या थोड्या वेळाने पुन्हा विचारू लागला, आयुष्यभर केलेले काम जमेनासे झाले, स्वभाव पालटला, किंवा खूण देऊनही घडलेला प्रसंग मुळीच आठवेना, तर दिवस घालवू नका. असा बदल काही दिवसांत एकाएकी झाला असेल तर त्याच दिवशी जा.

शेवटी त्या मराठी चाचणीकडे येतो. आपल्या शहरात १९९८ पासून महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ आहे. मराठीत वाढलेल्या, अहिराणी किंवा कोकणा बोलणाऱ्या, चौथी शिकलेल्या आणि शाळेची पायरीही न चढलेल्या सत्तरीतल्या निरोगी माणसाला सामान्यतः किती आठवते, हे ज्या दिवशी आपल्याला आपल्याच जिल्ह्यातल्या आकड्यांवरून ठाऊक होईल, त्या दिवसापासून कोणाला आजारी म्हणायचे आणि कोणाला म्हणायचे नाही, हे इथल्या डॉक्टरांना बाहेरच्या तक्त्यावरून ठरवावे लागणार नाही. त्या कामाला रुग्ण नकोत, आपल्यासारखी धडधाकट माणसे हवीत: सिन्नर, दिंडोरी, पेठ, सुरगाणा, बागलाण, सगळीकडची. उद्या असे काम कोणी हाती घेतले आणि आपल्या दाराशी आले, तर त्यांना वेळ द्या, शांत खोली मागून घ्या, आणि चाचणीला बसताना चश्मा आणि श्रवणयंत्र दोन्ही लावून बसा.